उसनी बहीण

शेवटी आम्ही दोघांनी मिळून मेथी निवडली. ओट्यावर ऊन आलं होतं. मध्ये सूप, पलीकडे ती, अलीकडे मी. मी देठं जास्त ठेवतो म्हणून ती बोलली, ती चांगली पानं टाकते म्हणून मी बोललो. लग्नापासून हेच भांडण. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "दहा चाळीस. मी जरा पडते. भाजी तुम्ही टाका." मी भाजी टाकली, भाकऱ्या केल्या, हाक मारली. ती उठली नाही.

लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, फार वाईट झालं म्हणतात. मी म्हणतो, वाईट काय झालं? जन्मभर तिनं खाटेवर महिनोन् महिने पडलेली माणसं बघितली, त्यांच्या पाठी पुसल्या. तिला एकच भीती होती, आपली पाठ कुणाला पुसावी लागू नये. नाही लागली. हाताला मेथीचा वास होता आणि गेली. मला रडू येतं ते माझं मला येतं. तिच्यापुरतं म्हणाल तर जीव हलका आहे.

मी नर्सांच्या बोर्डिंगचा स्वयंपाकी. शाळा चौथीपर्यंत. ती सिस्टर. गावात सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मग मी पण म्हणायचो, घरात सुद्धा. "सिस्टर, मीठ बघा जरा." असं.

बाई डोक्यानं तिरकी होती, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. घरी कुणी आलं की चहाची बशी देताना त्याचं मनगट धरायची. माणसाला वाटायचं, काय माया आहे. माया कसली, नाडी मोजायची. बांगडीवाला तिच्या हातात बांगड्या चढवायला बसायचा आणि ही त्याचीच नाडी बघायची. एकदा त्याला म्हणाली, "चाचा, बांगड्या राहू द्या, आधी दवाखान्यात जा." तो गेला म्हणून वाचला. पुढे तो तिच्याकडून बांगड्यांचे पैसे घ्यायचा नाही, आणि ही दिल्याशिवाय सोडायची नाही, दारात धिंगाणा.

सगळ्याला वेळ लावायची. लोणच्याच्या बरणीवर तारीख लिहिलेली, ते ठीक. पण भांडण झालं तरी वेळ ध्यानात ठेवायची. "तुम्ही चार वीसला रागावलात. आता सहा वाजले. पुरे." रागावलेल्या माणसाला असं कुणी घड्याळ दाखवलं की राग राहतो कुठं? मला तर हसूच यायचं, आणि हसलो की ती जिंकली.

आणि देऊन टाकायची सवय. उसनं म्हणून जे मागाल ते. छत्री, पाटा, पोळपाट, अंगावरची शाल. माझा चष्मा तिनं शेजारच्या म्हाताऱ्याला पोथी वाचायला दिला. मी महिनाभर पेपर हातात धरून नुसता बसलो. विचारलं तर म्हणे, "त्यांची पोथी अर्ध्यावर आहे. तुमचा पेपर रोज नवा येतो, तुमचं काय अडलं?"

रिटायर झाल्यावर बारावी झालेल्या पोरी फॉर्म घेऊन तिच्याकडे यायच्या. बहादरपूरच्या, चांदनीच्या, गावातल्या. "आंटी, इंटरव्यू में पूछते हैं नर्सिंग क्यों चुना, क्या बोलना है?" आजकालच्या पोरी, अर्धं हिंदी अर्धं मराठी. ही विचारायची, "तू सांग ना, कशाला जातेस?"

"सेवा करायची आहे, आंटी."

"घरी आजी आहे?"

"आहे ना."

"मग तिची कर. त्याला फॉर्म लागत नाही."

पोरगी गोरीमोरी व्हायची. मी आतून म्हणायचो, सिस्टर, कशाला लेकराला छळता. ती ऐकायची नाही. खरं बाहेर येईपर्यंत बसवून ठेवायची. चांदनीची एक पोर अशीच बसली, बसली, आणि मग म्हणाली, "आमच्या स्टेशनात गाडी मिनिटभर थांबते. मी लहानपणापासून बघतेय. मला कधीच चढायला मिळालं नाही." ही लगेच उठली. "आता खरं बोललीस. चहा घे." बहादरपूरची एक म्हणाली, "मम्मीला दवाखान्यात नेलं होतं. आमचे पप्पा घरात कुणाला बोलू देत नाहीत. तिथं सिस्टर म्हणाली, आप बाहर बैठिए. और पप्पा चुपचाप बाहर बैठ गए." सिस्टर एवढी हसली की ठसका लागला. "जा," म्हणाली, "तू पक्की नर्स होशील." झालीही. अजून दिवाळीला फोन करते.

एकीला पांढरे बूट पाहिजे होते. एकीला नवऱ्याच्या आधी पगार पाहिजे होता. सगळ्या कारणांना ही मान डोलवायची. फक्त पाठ केलेलं चालायचं नाही. ते का चालायचं नाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण ती चूक मी केलेली होती.

तेव्हा आमचं राज्य नुकतंच बदललं होतं. राजधानी म्हणून नागपूर सुटलं आणि भोपाळ लागलं. गाव तिथंच, तापी तिथंच, दवाखाना तोच. फक्त कागद दुसऱ्या गावाहून यायला लागले आणि हिंदीत यायला लागले. बोर्डिंगात सहा पोरी शिकत होत्या. सगळ्या खेड्यातल्या, सगळं शिकणं मराठीत झालेलं, लेखी परीक्षाही मराठीत होऊन गेलेली. तोंडी राहिली होती, आणि तेवढ्यात हुकूम आला की तोंडी घ्यायला इंदूरहून डॉक्टर बाई येणार आणि हिंदीत विचारणार.

पोरींची बोबडी वळली. मोठ्या सिस्टर, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या, त्यांचं हिंदी पण तसंच. त्यांनी एवढंच सांगितलं, पहिला सवाल ठरलेला असतो, नर्सिंगमध्ये का आलीस. त्यावर बाई खूश झाल्या की पुढचं सोपं जातं.

मी लहानाचा मोठा झालो मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, मोहल्ल्यात. हिंदी माझ्या तोंडात भाकरीसारखं. मी म्हटलं, घाबरता कशाला, मी शिकवतो. रोज चुलीपुढं बसवून एकेकीला विचारलं, बोल, का आलीस?

एक म्हणाली, इथं वेगळी खाट मिळते, घरी आम्ही पाच जणी एका गोधडीत. एक म्हणाली, दोन टाईम जेवण. एक म्हणाली, सवत आली. एक तर म्हणाली, भाऊ, मला शेण काढायचा कंटाळा होता. मी कपाळाला हात लावला. इंदूरच्या बाईपुढं शेण सांगणार का? चांगलं काहीतरी सांगा म्हटलं, तर एकीजवळ पण चांगलं काही नाही.

फक्त हिच्याकडे, म्हणजे आमच्या सिस्टरकडे, होतं. ही सगळ्यांत गप्प. बाकीच्या मला भाऊ म्हणायच्या, ही "ओ चूलवाले" म्हणायची. तिनं सांगितलं, मोठी बहीण तुकईथडला दिली होती. तिसरं बाळंतपण अडलं, बैलगाडीत घालून दवाखान्याकडे निघाले, नाल्यात गाडी रुतली आणि ताई तिथंच गेली.

ऐकून माझे हात पिठात तसेच राहिले. पण खरं सांगतो, दुसऱ्या मिनिटाला मला वाटलं, हे झालं काम. मी त्याचं झकास हिंदी केलं. "मैडम, तुकईथड में मेरी बड़ी बहन बैलगाड़ी में चल बसी. गाड़ी नाले में फँस गई थी. साथ में कोई जानकार औरत होती तो बच जाती. उसी दिन मैंने ठान लिया." शेवटी जरा थांबून खाली बघायचं, ते पण शिकवलं.

बाकीच्या पाचजणी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, भाऊ, आम्हाला पण हेच द्या ना. मी हिच्याकडे बघितलं. ही भाकरी मोडत होती. म्हणाली, "न्या ना. मेलेली आहे, झिजणार थोडीच आहे."

मी पोरींना शंभरदा सांगितलं, गाव बदला, नाला काढा, बहिणीची आत्या करा, काकू करा. त्या हो हो म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हिचा बाप आला. माझ्या चुलीच्या भिंतीला टेकून बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "दाजी कापूस विकायला इथल्या जिनात येतायत. पास झालीस तर राहा, मी शब्द दिलाय. नाही झालीस तर त्यांच्याच गाडीत बसायचं. लेकरांना आई पाहिजे. तुझ्या ताईचं घर दुसऱ्या कुणाला देऊ का मी?"

ही म्हणाली, "बरं."

बाप गेल्यावर ती आत आली आणि मडक्यातलं पाणी प्यायली, एक, दोन, तीन पेले. तेव्हा मला कळलं की ही परीक्षा म्हणजे हिच्यासाठी काय आहे. नापास झाली की ताईचं लुगडं नेसून ताईच्या चुलीपुढं. मी म्हटलं, काळजी नको, तुझा जबाब सगळ्यांत जोरदार आहे. हे मीच म्हटलं, माझ्याच तोंडानं.

परीक्षा बोर्डिंगाच्या जेवणाच्या खोलीत. मला चहा द्यायचं काम होतं, म्हणून मी दारातच. डॉक्टर बाई भारदस्त, चष्मा, हातात पेन. हिचा नंबर शेवटचा.

पहिली गेली. तिनं धडाधड म्हटलं, खाली पण बघितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, तिला पाणी दिलं. मला वाटलं, वा रे मी.

दुसरी गेली. तुकईथड, बैलगाडी, नाला. बाईंनी पेन थांबवलं.

तिसरी गेली. तुकईथड, बैलगाडी, नाला. हिंदी परकं होतं ना, एक शब्द हलवला तर सगळं कोसळेल ह्या भीतीनं कुणीच काही बदललं नव्हतं. आत्या नाही, काकू नाही. सगळ्यांची बडी बहन.

चौथीला बाईंनी मधेच विचारलं, "तुकईथड में?"

"जी."

"नाले में?"

"जी, मैडम. फँस गई थी."

पाचवीच्या वेळी बाई उभ्याच राहिल्या. मोठ्या सिस्टरांना बोलावलं. "ये क्या तमाशा है? मरे हुए लोगों का मज़ाक बना रखा है? मैं सबको फेल करूँगी. सबको." मोठ्या सिस्टर हात जोडायला लागल्या.

आणि ही आत गेली.

बाईंनी वर न बघता विचारलं, "हाँ. तुम्हारी भी बहन मरी होगी?"

जिची खरंच मेली होती तिलाच हे ऐकावं लागलं. मला वाटलं, पाय धरावेत बाईंचे, सांगावं की मी केलं. पण मी दारातच उभा राहिलो. ही उभी. जेवढं हिंदी शिकवलं होतं ते पाचजणींनी आधीच वापरून टाकलं होतं. तिच्याकडे शब्दच उरले नव्हते. मग ती सरळ मराठीत बोलली.

"हो, मेली. ती माझीच होती. ह्या पाचजणींनी माझ्याकडून उसनी नेली."

बाईंनी मान वर केली. चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "उसनी?"

इंदूरच्या होत्या, होळकरांच्या गावच्या, त्यांना मराठी येत होतं! पंधरा दिवस मी चुलीपुढं घसा कोरडा केला तो कशासाठी?

"ह्यांच्याकडे सांगण्यासारखं कुणी मेलेलं नव्हतं," ही म्हणाली. "म्हणून दिली."

"म्हणजे बहिणीसाठी आलीस तू नर्सिंगला."

आता नुसतं हो म्हणायचं होतं. मी दारातून मान हलवत होतो, हो म्हण, हो म्हण. ही म्हणाली, "नाही. ताई गेली तेव्हा मी तिथं नव्हतेच. घरी भाकऱ्या थापत होते. तेराव्याला बाप म्हणाला, आता दाजींचं घर तू सांभाळ. आईनं ताईचं लुगडं पेटीतून काढून माझ्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, मला दवाखान्यात शिकायचंय. का म्हटलं ते मला पण ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. इथं आले तेव्हा रक्त बघून दोनदा पडले. पण इथं कुणी मेलं तर त्याच्या जागी मला झोपवत नाहीत. म्हणून राहिले. आता काम येतं. विचारा."

बाईंनी हात पुढं केला. "नाडी बघ."

हिनं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, ओठ हलवत मोजलं. "एकशेआठ. रागावलात म्हणून. पाणी प्या आणि दहा मिनिटांनी परत मोजू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी दिलं.

मग बाईंनी पाचही जणींना परत बोलावलं आणि मराठीत विचारलं, खरं सांगा. खाट निघाली, जेवण निघालं, सवत निघाली. शेण निघालं तेव्हा बाई इतक्या हसल्या की चष्मा पडला. मग मलमपट्टी, बाळंतिणीची खोली, मूल अडलं तर काय, सगळं विचारलं. काम पोरींना येत होतं. मोठ्या सिस्टरांनी शिकवलंच तसं होतं. संध्याकाळी जाताना बाई सांगून गेल्या, सगळ्या पास. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्याला फक्त स्वयंपाक करू द्या."

पोरी नाचत होत्या. मी ओट्यावर बसलो. ही आली, पुढं उभी राहिली.

"ओ चूलवाले. दाजी आले असतील जिनात. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे."

"तू जा ना."

"मी गेले तर ते माझ्याकडे बघतील आणि काही बोलणार नाहीत. दोन लेकरं डोळ्यांपुढं येतील. मग मीच गाडीत बसेन. तुम्ही जा. घोळ तुमचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरींचा चहा करून मी जिनात गेलो. थंडीचे दिवस, कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, बैल सोडलेले, गाडीवाले पांघरुणं घेऊन शेकत बसलेले. मी एकेका गाडीला विचारत गेलो, तुकईथडचे कोण, तुकईथडचे कोण. रांगेच्या शेवटी एक उंच वाळका माणूस उठून उभा राहिला. मला वाटलं होतं कुणी दांडगा असेल. ह्याच्या सदऱ्याला गुंड्या पण धड नव्हत्या.

"मी आहे. कोन रे भाऊ तू?"

"बोर्डिंगचा स्वयंपाकी."

तो समजला. "झाली?"

"पास झाली."

मी मनाची तयारी करून उभा होतो, शिवी देईल, कॉलर धरेल. तो गाडीच्या जुवावर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "सुटलो बाप्पा," म्हणाला.

मी दोन पावलं पुढं गेलो.

"हुबेहूब तिच्यासारखी दिसते रे ती. ठाऊक आहे का तुला? दारात आली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सासऱ्यानं ठरवलं, माझ्या मायनं ठरवलं. तिला तरी विचारलं असंल कुणी. मला कोणी विचारलं?"

"तिला पण नाही विचारलं," मी म्हटलं.

तो मान हलवत राहिला. मग एकदम काळजीनं म्हणाला, "मायला काय सांगू आता?"

"सांगा, सरकारनं ठेवून घेतली. भोपाळहून कागद आला."

तो हसला. पहिल्यांदा हसला. "कागद म्हटला की माय गप्प बसंल." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. थंडीत सकाळी सकाळी निरोप सांगायला आलेला स्वयंपाकी.

"अन् तू तिचा कोन?"

"अजून तरी कोणी नाही."

तो उठला. गाडीतून फडकं काढलं, सोडलं, आतल्या भाकऱ्या दोघांत वाटल्या, वर लाल चटणी घातली. "बस. खाऊन जा."

भाकरी जाड होती आणि एका बाजूनं करपलेली. दुसरी कुणाची असती तर मी तोंडावर सांगितलं असतं. त्याच्या शेजारी जुवावर बसलो आणि सगळी खाल्ली.